उजेड बसवणारी शिवकन्या

सेलूच्या जिनिंगमागच्या गल्लीत शिंकेला कुणी अपशकुन मानत नाही. मानायचं ठरवलं, तर दिवाळी ते संक्रांत एकाही माणसाला उंबरठा ओलांडता यायचा नाही. कापसाचा हंगाम सुरू झाला की रुईची पिंज हवेत तरंगत राहते. ती चहाच्या कपात पडते, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते, पोरांच्या भुवया म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या करते. नवी सून नाकाला पदर लावून फिरायला लागली की जुन्या बायका एकमेकींकडे बघून हसतात आणि होईल सवय म्हणतात. आणि नेमक्या अशा गल्लीत शिवकन्येनं असं काम घरी आणून मांडलं होतं, ज्याला धुळीचा एक कणसुद्धा चालत नाही. अक्कल आहे की नाही या पोरीला, असं कुणालाही वाटावं.

ती नेमकं करते काय, हे गल्लीत कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी म्हणे इंटरनेटवाली. ते अर्धं खरं होतं. पोटापाण्यासाठी ती तुटलेल्या फायबरच्या तारा जोडत हिंडायची. जेसीबीनं कुठं तार उखडली की येलदरीपासून पाथरीपर्यंतचे फोन तिलाच यायचे, आणि ती स्कूटीवर पेटी बांधून निघायची. तिची आई दगडाबाई विचारणाऱ्याला एका दमात सांगून मोकळी व्हायची, "काचंच्या धाग्यात उजेड ओवती. लगीन सोडून समदं करती."

टोमणा सोडून दिला, तर दगडाबाईचं सांगणं बाकीच्यांपेक्षा नेमकं होतं. पॉलिटेक्निक झाल्यावर शिवकन्या पुण्याजवळच्या एका कारखान्यात लागली होती. तिथं लेझर डायोडचे डबे बनायचे. डायोड म्हणजे तांदळाच्या कणीहून लहान तुकडा. त्याला वीज दिली की त्याच्या कडेतून उजेड बाहेर पडतो. लेझर म्हटलं की आपल्याला बाणासारखी सरळ रेघ आठवते. पण डायोडमधून निघालेला उजेड असा शहाणा नसतो. यात्रेत दार उघडल्यावर माणसं घुसावीत तसा तो भसकन बाहेर येतो, उभ्या अंगानं खूप पसरतो आणि आडव्या अंगानं थोडा. त्याच्यापुढं मोहरीहून बारीक भिंग ठेवायचं, त्या भिंगानं तो गोळा करायचा, आणि केसाएवढ्या काचेच्या धाग्याच्या तोंडात घालायचा. कारखान्यात शिवकन्या हेच करायची.

हे म्हणजे नरसाळ्यानं तेल ओतण्यासारखं झालं की, असं ऐकणाऱ्याला वाटतं. शिवकन्येलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तेल नरसाळ्यात वाट बघत थांबतं. उजेड थांबत नाही. तोंडावर पडला पण तिरका पडला, तरी तो धाग्यात टिकत नाही, बाजूनं निसटून जातो. निसटलेला उजेड वाया जातो एवढंच असतं तर चाललं असतं, पण तो जिथं आपटतो तिथं जाळतो. म्हणून जास्तीत जास्त उजेड आत जायला हवा. अर्धामुर्धा गेला तर डबा स्वतःच्याच उजेडानं मरतो.

कारखान्यातल्या पहिल्या दिवशी तिला काहीच दिसलं नव्हतं. तो उजेड मुळी डोळ्याला दिसणारा नव्हताच. शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या हातात न दिसणारा उजेड पकडणारं एक जाडसर कार्ड दिलं आणि धाग्याच्या लांबच्या टोकापुढं धरायला सांगितलं. इकडे बाई भिंगाचा स्क्रू इतका हळू फिरवत होत्या, की त्यांचा हात हलतोय हेही कळत नव्हतं. आणि एकदम त्या कार्डावर नारिंगी ठिपका उगवला. टेबलावर सगळीकडे अंधार, धागा नुसता काचेचा, आणि त्याच्या टोकाशी हा ठिपका. शिवकन्येच्या अंगावर काटा आला. पुढं तिनं स्वतः असे कितीतरी डबे बसवले, पण तो काटा दर वेळी यायचाच. मैत्रिणी तिला हसायच्या. ती म्हणायची, "ज्या दिवशी येणार न्हाई, त्या दिवशी मी नोकरी सोडीन."

नोकरी सुटली ती वेगळ्याच कारणानं. वडिलांच्या पायाची जखम भरेना, म्हणून आईचे फोन वाढले. त्याच सुमारास कारखान्यानं तो विभाग बंद केला. जाताना साहेबांनी मोडीत निघालेलं एक स्टँड तिला देऊन टाकलं. त्यावर ठेवलेली वस्तू तीन दिशांना केसाच्या शंभराव्या भागानं सरकवता यायची. लोक पुण्याहून फ्रीज घेऊन येतात, शिवकन्या हे लोखंड घेऊन आली. दगडाबाईनं त्याला नजर लागू नये म्हणून नाही, तर लोकांना दिसू नये म्हणून वर चादर टाकली.

वडील बन्सीधर हे जिनिंगमधले फिटर. गल्ली त्यांना आबा म्हणायची. रोलर आणि पातं यांच्यातली फट बसवण्यात त्यांची हयात गेली. ही फट वाढली तर सरकी रुईबरोबर फुटून निघते, आणि कमी झाली तर रुई तापून पेट घेते. फटीत दिवा धरून डोळा मिचकावत उभं राहायचं, हातोडीनं जरा टिचकी मारायची, पुन्हा बघायचं. उभ्या आयुष्यात ते बसले ते फक्त जेवायला. त्याचा हिशोब पायांनी मांडला. पिंढरीवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, आणि डाव्या घोट्यावर जखम झाली, ती खपली धरायची आणि पुन्हा उघडायची.

लेकीच्या कामाबद्दल आबांचं मत फारसं चांगलं नव्हतं. ते वाईट बोलत नसत, पण तोलून बोलत. "आमचं मशीन बंद पडलं तर शंभर मानसं हातावर हात ठिवून बसत्यात," ते म्हणायचे. "तुझं बंद पडलं तर कोन रडतंय?"  शिवकन्येला राग यायचा आणि वाईटही वाटायचं, कारण सगळ्या जगात हे काम ज्याला समजायला हवं होतं असं माणूस तिच्या मते एकच होतं, आणि ते असं बोलत होतं.

परभणीच्या डॉ. रेणुका या शिरांच्या डॉक्टर. त्यांनी पाय बघितला आणि खुलासा केला. शिरेतलं रक्त वर चढत नाही, खाली साचतं, म्हणून जखम भरत नाही. ती शीर बंद करायला हवी. झोपवून करायची मोठी शस्त्रक्रिया आबांच्या हृदयाला झेपणार नव्हती. दुसरा रस्ता सोपा होता. पाय जागच्या जागी सुन्न करायचा, शिरेत काचेचा धागा घालायचा, आणि त्यातून लेझर सोडून शीर आतून मिटवायची. माणूस संध्याकाळी चालत घरी. "पण माझं मशीन आजारी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ताकद निम्म्यावर आलीय. कंपनीनं हे मॉडेलच बंद केलंय. तुम्ही मोठ्या शहरात जा, मी चिठ्ठी देते."

"न्हाई," आबा म्हणाले.

त्यांचा धाकटा भाऊ भागवत मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाय घेऊन गेला होता आणि पायाशिवाय परत आला होता. त्याची साखर किती वाढलेली होती, त्यानं किती उशीर केला होता, हे आबांना सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. दगडाबाई रडली, भांडली, जेवली नाही. आबा हलले नाहीत. डॉक्टरांनी शिवकन्येला बाजूला घेऊन सांगितलं, की जखम आणखी खोल गेली तर मग पाय वाचवायची गोष्टच उरणार नाही.

शिवकन्येनं विचारलं, "मशीन उघडून बघू का?"

आत काडेपेटीएवढा पितळी डबा होता. असे डबे तिनं झोपेतही उघडले असते. डायोड धडधाकट होता. भिंग धरून ठेवणारा गोंद वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं पिवळा पडून ढिला झाला होता, आणि भिंग कणभर घसरलं होतं. कणभर म्हणजे खरोखर कणभर, डोळ्याला कळणार नाही एवढं. तेवढ्यानं निम्मा उजेड धाग्याबाहेर चालला होता.

डॉ. रेणुका घाबरट नव्हत्या आणि भाबड्याही नव्हत्या. "शिवकन्या, तुझा हात मी ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "मी मीटर ओळखते. पूर्ण ताकदीवर तासभर चालवून दाखव. मीटर हो म्हणाला तर मी हो म्हणेन."

आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी घोट्यावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "तुझ्या उजेडानं व्हत असंल तर कर. नसंल व्हत, तर पाय माझा हाय, माझ्यासंगं जाईल."

डबा घेऊन सेलूला आल्यावर शिवकन्येनं मागच्या खोलीचं रूपच पालटलं. खिडकीला ओल्या चादरी लावल्या, भिंती पुसल्या, केस टोपीत घातले, चपला बाहेर. दगडाबाई दारातून म्हणाली, "बाळंतिनीची खोली बी एवढी सारवत न्हाईत गं बाई." मग स्टँडवरची चादर निघाली, भिंग चिमट्यात आलं, आणि काम सुरू झालं.

हे काम आंधळ्यासारखं चाचपडत सुरू होतं. थोडी वीज द्यायची आणि उजेडाची ताकद मोजणाऱ्या मीटरकडे बघत भिंग सरकवायचं. आधी काहीच नसतं. मग कुठूनतरी आकडा किंचित हलतो, आणि जीव भांड्यात पडतो. त्याच दिशेनं गेलं की आकडा चढतो, चढतो, आणि उतरायला लागतो. नवखा माणूस तिथंच थांबतो, त्याला वाटतं हाच माथा. पण ती बहुतेक वेळा खोटी टेकडी असते. खरा माथा पलीकडे असतो, आणि तिथं जायचं तर हातातला आकडा सोडून आधी खाली उतरावं लागतं. शिवकन्येला हे माहीत होतं, म्हणून ती उतरली. आकडा घसरत घसरत जवळजवळ संपला. ती सरकवत राहिली. आणि मग तो पुन्हा चढायला लागला, आधीच्या टेकडीच्या वर गेला, आणखी वर गेला. तिनं श्वास धरून ठेवला होता, तो तिथं सोडला.

पुढचा भाग तिला सगळ्यात अजब वाटायचा. गोंद वाळताना आक्रसतो आणि भिंगाला आपल्याकडे ओढतो. म्हणून अगदी बरोबर ठेवलेलं भिंग वाळल्यावर चुकतं. तर काय करायचं, आधीच थोडं चुकवून ठेवायचं. आकडा कमी होऊ द्यायचा, गोंद वाळवणारा जांभळा दिवा लावायचा, आणि गोंद हळूहळू भिंगाला माथ्यावर नेऊन बसवतो ते बघत राहायचं. आपण बाजूला उभं राहायचं आणि आकडा आपोआप चढायचा. शिवकन्येनं हात जोडले नाहीत, पण जोडावेसे वाटले.

धाग्याचं बाहेरचं टोक तिनं साफ केलं, त्यावर टोपी चढवली, आणि ती अंघोळीला गेली.

जिनिंगमध्ये एक रीत आहे. हंगामाचा पहिला कापूस येतो, त्याची पूजा होते, आणि पहिल्यांदा निघालेली रुई फिटरला मिळते. ती मुहूर्ताची रुई. वर्षभर कुठलंही मशीन नीट केलं की फिटर ते चालू करण्याआधी त्या रुईचा एक पुंजका मशीनवरून फिरवतो. आबांनी हयातीत ही रीत कधी चुकवली नव्हती. लेकीनं मशीन बसवलं होतं, आणि ते त्यांच्याच पायासाठी होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले, देवघरातली रुई घेतली, टोपी काढून धाग्याच्या टोकावरून अलगद फिरवली, आणि टोपी होती तशी लावून ठेवली.

परभणीला तिनं डबा मशीनमध्ये परत बसवला, आणि डॉक्टरांच्या मीटरवर आकडा चढला आणि स्थिर राहिला. डॉ. रेणुकांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात आकडा थरथरला आणि कोसळला.

शिवकन्येनं खिशातल्या सूक्ष्मदर्शकातून टोक बघितलं. काचेवर काळा डाग होता. डागाच्या कडेला एक करपलेला तंतू चिकटला होता, पिळलेल्या फितीसारखा चपटा. कापसाचा तंतू मोठा करून बघितला की असाच दिसतो, हे सेलूच्या शाळेत शिकवतात. जळक्या टोकानं उजेड उलटा फेकला होता, त्या उष्णतेनं आतला ताजा गोंदही हलला होता. सगळं मुसळ केरात. डॉक्टरांनी मशीन बंद केलं. बाहेर बाकावर आई आणि आबा बसले होते. शिवकन्या म्हणाली, "कापूस गेला आत. आपल्या गल्लीतच खोट हाय, आबा. मीच कुठंतरी चुकले."

"तू न्हाई चुकली," आबा म्हणाले. "मी मुहूर्ताची रुई फिरवली व्हती. तू नहायला गेलती तवा."

 दगडाबाईनं कपाळावर हात मारला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये शिवकन्या खिडकीकडे तोंड करून बसली. तिला ओरडायचं होतं आणि रडायचंही होतं, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे काहीच येत नव्हतं. मानवत रोड मागं पडल्यावर तिनं विचारलं, "आबा, कच्ची रुई पानी पिती का?"

"न्हाई पीत. मेन असतंय तिच्या अंगाला. दवाखान्यातली उकळून काढल्याली असती, ती पिती…" एवढं बोलून आबा थांबले. सेलूतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट होती ही, आणि त्यांनी तर उभं आयुष्य तिच्यात काढलं होतं. ते मेण त्यांनी स्वतःच्या हातानं काचेच्या तोंडाला फासलं होतं, आणि तेच उजेडानं जळलं होतं.

 मग त्यांनी विचारलं, "पुन्हा बसंल का?"

"जळालेलं टोक कापावं लागंल. धागा लय तोकडा राहिलाय. एकदाच कापता येईल, आबा. चुकलं तर डबा फेकून द्यायचा."

त्यांनी मान हलवली. सेलू येईपर्यंत ते हाताच्या तळव्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्येनं धागा कापला. काचेचा धागा कापताना तो कापायचा नसतो, नुसता ओरखडा काढून ताण द्यायचा असतो, मग तो आपणहून तुटतो. नीट तुटला तर टोक आरशासारखं निघतं. तुटला. तिनं सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि टोक इतकं स्वच्छ होतं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण भिंग चिमट्यात धरलं आणि जमीन हादरायला लागली. हंगाम ऐन भरात होता. कापसाचे टेम्पो एकामागून एक गल्लीतून जिनिंगकडे चालले होते, आणि प्रत्येक टेम्पोबरोबर मीटरवरचा आकडा नाचत होता. आदल्या खेपेला जिनिंगची साप्ताहिक सुट्टी होती, हे आता तिच्या ध्यानात आलं. भिंग चिमट्यात धरलेलं, गोंद लावलेला, थांबता येत नव्हतं. "आबा," ती आतूनच ओरडली, "जमीन हालायलीय!"

पुढं बाहेर काय झालं, ते तिला नंतर दगडाबाईनं सांगितलं, आणि दगडाबाई सांगते तेव्हा पदरचं काही घातल्याशिवाय राहत नाही. पण एवढं खरं, की आबांनी लोखंडी खुर्ची उचलली, लंगडत गल्लीच्या तोंडाशी गेले, आणि रस्त्याच्या मधोमध बसले.

पहिला टेम्पो बजरंगचा होता. त्यानं हॉर्न दिला. आबा बसून राहिले. बजरंग खाली उतरला. "आबा, काय येड लागलं का? वजनकाट्यावर नंबर हाय माझा."

"इंजन बंद कर."

"कामून?"

"आत उजेड बसवायलीय पोरगी. जमीन हालू द्यायची न्हाई."

बजरंगला यातलं काहीच कळलं नाही. पण ज्या माणसानं सगळ्या जिनिंगमधली मशीनं बसवली, तो जखमेचा पाय घेऊन रस्त्यात बसलाय, एवढं त्याला दिसत होतं. त्यानं किल्ली फिरवली. मागं दुसरा टेम्पो आला, तिसरा आला. मागच्यांनी शिव्या दिल्या. बजरंग एकेकाकडे जाऊन सांगत सुटला, "गप, आत उजेड बसायलाय," जणू त्याला आधीपासून सगळं ठाऊक होतं. हळूहळू इंजिनं बंद पडत गेली. पार मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग लागली, आणि ड्रायव्हर लोक कापसाच्या ढिगांना टेकून कुजबुजत उभे राहिले. दगडाबाईनं सगळ्यांना चहा केला. कप वाजवू नका म्हणून दटावलंही.

आत शिवकन्येला फक्त एवढंच कळलं, की हादरे कमी होत गेले आणि मग थांबले. हंगामाच्या भर दिवसात त्या गल्लीत अशी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. आकडा नाचायचा थांबला. ती खोट्या टेकडीवर चढली, उतरली, आणि त्या शांततेत पलीकडचा माथा तिला असा लागला, की तो जणू तिथं वाट बघत होता. तिनं भिंग तेवढंच चुकवलं, जांभळा दिवा लावला, आणि हात मांडीवर ठेवले. गोंद आपलं काम करत होता. आकडा चढत होता. डोळ्याला न दिसणारा उजेड सगळाच्या सगळा, जवळजवळ काही न सांडता, त्या एवढ्याशा काचेच्या तोंडातून आत चालला होता. बाहेर माणसं गप्प उभी होती, आणि तिला वाटलं की आपण कितीही वर्षं हे केलं तरी आपल्याला हे कधी पुरतं कळणार नाही.

आबांची जखम होळीच्या सुमारास भरून आली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. या वेळी डॉ. रेणुकांच्या मीटरनं हो म्हटलं. तासभर झाला, तरी डॉक्टरांनी मशीन बंद केलं नाही. त्या मीटरकडे बघत होत्या आणि मधूनच मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "उद्या आबांना आणा."

थिएटरमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांवर हिरवे चष्मे होते. मशीनजवळ तूच उभी राहा, असं डॉक्टरांनी शिवकन्येला बजावलं होतं. आबांचा पाय सुन्न केला होता, पण ते जागे होते. डॉक्टरांनी गुडघ्याखालून शिरेत धागा घातला. शीर मिटवणारा उजेड दिसत नाही, म्हणून वाट दाखवायला त्याच धाग्यातून थोडासा लाल उजेड सोडतात. डॉक्टरांनी खोलीतले दिवे मंद करायला सांगितले.

आबांच्या कातडीखाली एक लाल ठिपका पेटला.

तो गुडघ्यापासून मांडीकडे निघाला. थांबत, सरकत, पुन्हा थांबत. जिथं जाईल तिथं आजूबाजूचं मांस गुलाबी उजळत होतं आणि मागं पुन्हा अंधार होत होता. आबांनी मान उचलली. परिचारिकेनं त्यांच्या डोक्याखाली उशी दिली. ते बघत राहिले. त्यांचा तो सुजलेला, नासलेला, हयातभर उभा राहिलेला पाय आतून उजळला होता.

"शिवे," ते हळूच म्हणाले, "ह्ये काय हाय?"

"धाग्याचं टोक हाय, आबा. तुमच्या शिरंत."

"तू सोडलाय त्यो उजेड?"

 तिनं मान हलवली. ठिपका वर पोचला आणि थांबला. डॉक्टरांनी आपला पाय लेझर सोडणाऱ्या पेडलवर नेला.

"थांबा बाई," आबा म्हणाले. "लगेच नका करू. तिच्या मायला दावा आधी. बाहिर बसलीय ती."

थिएटरमध्ये असं कुणाला घेत नाहीत. डॉ. रेणुकांनी आबांकडे बघितलं, मग शिवकन्येकडे, आणि पेडलवरचा पाय काढून घेतला. "दारापर्यंतच," त्या परिचारिकेला म्हणाल्या. "गाऊन द्या, चष्मा द्या."

दगडाबाई दारात आली. हिरवा चष्मा, ढगळा गाऊन, त्याखाली लुगड्याचा काठ. एरवी प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे बोल तयार असायचा. तिनं नवऱ्याचा पाय बघितला. बराच वेळ बघितला. मग तिचे हात जुळले, आणि शिवकन्येला वाटलं की माय आता देवाचं नाव घेईल. पण दगडाबाईनं चष्म्याआडून मान वळवली होती, आणि जोडलेले हात मशीनशेजारी उभ्या असलेल्या लेकीकडे होते.

"माय, नको गं," शिवकन्या म्हणाली. पण दगडाबाईनं हात सोडले नाहीत.